माशाचा मणका

पडद्यावर माझे हात आले तेव्हा मी सूर्यफुलाच्या बिया सोलत होते. आधी ओळखलेच नाहीत. आपले हात भिंतीएवढे मोठे कोण कधी बघतं? बोटांची टोकं मेंदीनं काळी केलेली, अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा जुना चट्टा, आणि चिमटीत लाल रेशमाचा गोंडा, त्यात ओवलेला निळा मणी आणि माशाच्या पाठीतला मणका. मणका दिसला आणि कळलं, अरे, ही तर आपण. बी दातांतच राहिली. शेजारच्या इन्शिराह विहीणबाईंनी माझ्या मांडीवर थाप मारली आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "हे तुम्हीच ना? तुमचेच हात ना? बाई गं, केवढे दिसतायत!" मी मान हलवली. तेवढ्यात ते हात बोलायला लागले. म्हणजे आवाज आला, माझ्या हातांवर चिकटवलेला, पण माझा नव्हे. कैरोच्या कुणा बाईनं ओठ जाड करून, दर शब्दाला एक डुलकी काढत, आमची सुदानी बोली म्हणून जे काय काढलं होतं ते. "नवऱ्या मुलाऽऽ, हात पुढे कर रे बाबाऽऽ, नाहीतर मी आडवी होतेऽऽ." सगळं थिएटर हसलं. ईदचा दुसरा दिवस, दुपारचा खेळ, एक खुर्ची रिकामी नाही, नव्या कपड्यांतली पोरंबाळं, अत्तरांचे वास आणि चारी बाजूंनी हसू. विहीणबाई हसल्या. त्यांच्या पलीकडे बसलेला हातिम हसला, पुढच्या महिन्यात माझा जावई होणार होता तो. मी ते वाक्य म्हणालेच नव्हते. मी म्हणाले होते, 'हे घर धनाचं होवो, लेकरांचं होवो.' माझ्या आईनं माझ्या लग्नात म्हटलं होतं तेच, त्याच चालीवर, आणि चार वेळा म्हणायला लावलं होतं सिनेमावाल्यांनी.

आणि ही सगळी वरात माझ्यामुळेच थिएटरात आली होती, हे मी कुणाला सांगू? सिनेमा येणार, त्यात मी आहे, हे मीच सांगितलं होतं. एकदा नव्हे, येता-जाता. सांगण्यासारखं दुसरं होतं काय माझ्याजवळ? सुदानमधून, ओमदुर्मानहून आले तेव्हा हातात एक बॅग आणि बरोबर लेक तसाबीह. युद्धात घर लुटलं गेलं, घर राखायला मागे थांबलेला नवरा त्या घरातच गेला, आणि इथं कैरोत फैसलच्या गल्लीत दोन खोल्या. विहीणबाईंकडे गेलं की त्या माझ्या बशीत भराभरा वाढायच्या आणि नातेवाइकांना सांगायच्या, "बिचाऱ्यांनी फार भोगलंय हो." वाईट नाही बाई. पण त्या 'बिचाऱ्या'नं माझं डोकं फिरायचं. तिथं मी शाळेची मुख्याध्यापिका होते, माझ्या आवाजानं चारशे पोरी सरळ रांगेत उभ्या राहायच्या, आणि इथं मी बिचारी. म्हणून जेव्हा सिनेमा मिळाला तेव्हा मी मुद्दाम पाय पसरून सांगितलं. आमच्या लग्नाची रीत दाखवणार आहेत, म्हटलं, जिरतिग. ती करायला जाणती बाई हवी होती, तर मला बोलावलं. विहीणबाईंचे डोळे मोठे झाले. पहिल्यांदा त्यांनी मला वाढायचं सोडून माझ्याकडे बघितलं. त्याच दिवशी मी माझी एकुलती एक अट घातली. हॉल तुमचा, जेवण तुमचं, बँड तुमचा, सगळं तुमच्या रीतीनं करा, पण शेवटी घटकाभर तसाबीह आणि हातिमची जिरतिग मी करणार. त्याशिवाय आमच्यात मुलगी सुखी होत नाही, तिची कूस भरत नाही, असं मानतात. मानतात म्हणजे मी मानते. "करा की! सिनेमातली बाई आमच्या घरी जिरतिग करणार!" त्या म्हणाल्या होत्या. आता पडद्यावर ती सिनेमातली बाई डुलक्या काढत होती.

मुझम्मिल नावाचा आमच्याकडचाच एक माणूस आहे, सिनेमावाल्यांना लागतील तेव्हा लागतील तितके सुदानी पुरवतो. तो घरी आला होता. "खाला, सितनाखाला, तुमच्यासारखी कुणी नाही," म्हणाला, आणि मी विरघळले. मी विचारलं होतं, उगाच नाही, स्पष्ट विचारलं होतं, "विनोदी आहे का रे?" तर म्हणतो, "थोडी गंमत आहे, खाला. पण मानाची गंमत." मानाची गंमत! शहराबाहेर वाळवंटात नेलं आम्हाला बसनं. तिथं प्लायवूडचं एक अंगण उभं केलेलं. खाट बरोबर होती, चटई चुकीची. मी म्हटलं, ही चालायची नाही, लाल विणीची लागते. दिग्दर्शक गोड बोलणारा, कोवळी दाढी. त्यानं माझ्या कपाळाचा मुका घेतला, "आई, तुम्ही म्हणाल तसं," आणि खरंच दुसरी चटई आणवली. मी चंदनाची आणि महलबच्या सुवासिक बियांची पूड घरून कालवून नेली होती. ती नवऱ्यामुलाच्या डोक्याला लावली, लाल कापड पांघरलं, गोंडा त्याच्या मनगटाला बांधला, दुधाचं भांडं दोघांच्या ओठांना लावलं. आणि कुणी हसलं नाही. हे मला पुन्हा पुन्हा आठवतं, कुणीही हसलं नाही. दिव्यांची घूं घूं तेवढी. दिवे उचलणारा एक दांडगा माणूस तर डोळे पुसत होता. त्याची आई आमच्या सरहद्दीजवळच्या असवानकडची, म्हणाला. मग हे हसू कुठून आलं? कोणत्या खोलीत बसून, कात्रीनं कापून, वर टिंग टिंग वाजवून त्यांनी ते आत भरलं? समोर एकजण तोंडावर हसला असता तर मी भांडं त्याच्या डोक्यात घातलं असतं आणि चालत घरी आले असते. पण त्यांनी माझ्यासमोर माना खाली घातल्या. माझ्याकडून सगळं खरं करून घेतलं, चटईसुद्धा खरी, आणि मग ते खरं नेऊन हसायला ठेवलं.

नवरी मात्र पहिल्यापासून खोटी होती. कैरोची गोरी नटी, तिला काळी केलेली. साधी सावळी नव्हे, बुटाचं पॉलिश लावावं तशी काळी. मी तिच्या डोक्याला पूड लावत होते तेव्हा दिसलं, कानामागे रंग लावायचा राहून गेला होता. तिथं ती दुधासारखी होती. मी रंग लावणाऱ्या बाईला दाखवलंही, अगं, इथं राहिलंय. म्हणजे बघा, मी मदत केली. कैरोत आमच्या एवढ्या मुली आहेत, देखण्या, माझी तसाबीहच उभी केली असती तर पडदा उजळला असता, पण नाही, काळी नवरी काळी असून चालत नाही, ती रंगवलेली लागते. आता पडद्यावर ती नटी डोळे फिरवत होती, जीभ बाहेर काढत होती, आणि कथेतला तो कैरोचा कारकून, कचेरीच्या कामाला म्हणून खार्तूमला गेलेला आणि चुकून मांडवात शिरून नवरा होऊन बसलेला, तिच्याकडे बघून "देवा, वीज गेली का?" म्हणत होता. पुढच्या रांगेतला एक लठ्ठ बाप्या खुर्चीवर आदळून आदळून हसत होता. त्याच्या बायकोनं मागे वळून माझ्या अंगाभोवती गुंडाळलेल्या तोबकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि तोंडावर हात ठेवला. तो हातसुद्धा हसू दाबायला होता.

मी सिनेमा न बघितलेली बाई नाही. ओमदुर्मानला उघड्यावरचं थिएटर होतं, वर आभाळ, खाली लोखंडी खुर्च्या. वडील पोस्टात होते, पगार झाला की आम्हाला न्यायचे, आणि सिनेमे सगळे इथलेच, कैरोचे. त्यात दारवान असायचा. काळा रंगवलेला, पांढरे दात, जिन्याखाली राहणारा, दर प्रसंगात चपराक खाणारा. तो आला की वडिलांची हसून हसून मुरकुंडी वळायची. मी लहान होते, मला वाटायचं हा आपल्यासारखा दिसतो, मग आपण याला का हसतोय? एकदा परत येताना वाटेत विचारलं. वडील म्हणाले, "तो आपल्यातला नाही गं. तो नूबी आहे, सरहद्दीकडचा." झालं. म्हणजे आपण सुटलो. आमच्या आळीत नूबी घरं होतीच की, तेही त्याच थिएटरात येऊन हसायचे, आणि घरी जाऊन त्यांच्या पोरींना आणखी कुणाचं तरी नाव सांगत असतील. आणि आई? ती तर थिएटरावर ताण. शेजारी इजिप्तचे एक मास्तर बायकोसह राहायचे. ती बाई पाहुण्याला विचारायची म्हणे, "चहा घेणार का घरून पिऊन आलात?" आई तोबचा पदर कानामागे खोचून ती बाई करून दाखवायची, आणि आम्ही पोटं धरायचो. होय, हसायचो! पण ती बाई भिंतीपलीकडेच होती, आणि आई बाळंत झाली तेव्हा पहिलं सूप तिनंच आणलं, आणि आईनं तिच्यासमोरच तिची नक्कल केली होती एकदा, तर ती स्वतः हसून लाल झाली. त्याला मी हसू म्हणते. आम्ही तिला रंग फासून हजार लोकांपुढे उभं केलं नाही. विहीणबाईंनी मला बियांची पुडी पुन्हा पुढे केली. मी घेतल्या. नाही म्हणता आलं नाही.

मग दूध आलं. पडद्यावर नवरीनं दुधानं गाल फुगवले आणि कारकुनाच्या तोंडावर फवारा मारला, फुर्रर्र, नळ फुटावा तसा, आणि तो किंचाळत खाटेखाली शिरला. थिएटर कोसळलं. मला माझं लग्न आठवलं, आणि राग आणखीच वर आला, कारण तिथंही हसू होतं. दूध तोंडात घ्यायचं आणि एकमेकांवर उडवायचं, जो आधी उडवील त्याचं घरात चालणार. मी तयारीतच होते. पण नवऱ्यानं, अब्देलबागीनं घाई केली, त्याला ठसका लागला, आणि दूध नाकातून आलं. अंगणभर बायका खिदळल्या. माझी आई म्हणाली, "हिचं चालणार, लिहून ठेवा!" आणि तो नाक पुसत हसत माझ्याकडे बघत राहिला, इतकं बघत राहिला की मला तोंडातलं दूध उडवायचं सुचेना. त्या हसण्यात मी बसले होते, मध्यभागी, लाल चटईवर. ते हसू आमच्यासाठी होतं. मला हे कुणाला समजावून सांगता येणार नाही आणि समजावून सांगायची पाळी यावी याचाच मला संताप येतो. अब्देलबागीच्या मनगटावरचा गोंडा कपाटात होता, कपाटासकट गेला. माझा मी पोलक्यात घालून आणला. तो तसाबीहला बांधायचा, तिचा नवरा असेल त्याच्यासाठी दुसरा करायचा, असं वाटेत ट्रकमध्ये बसून मी ठरवलं होतं, गोळ्यांचे आवाज येत होते तेव्हा. आणि तो मी उचलून सिनेमावाल्यांना दिला. त्यांचा गोंडा प्लॅस्टिकचा होता. मी म्हटलं, हे काय? थांबा, माझ्याकडे खरा आहे. आमच्याकडे कुणाच्या लग्नाला काही कमी पडलं तर मागावं लागत नाही, आपणच काढून द्यायचं असतं. मी सिनेमाला लग्न समजले. "काम संपलं की परत देतो, आई," तो दाढीवाला म्हणाला. तेव्हापासून मुझम्मिलला फोन करतेय. "गोदामात आहे, खाला. शोधतायत, खाला."

गोदामात नव्हता. समोर होता. कारकुनानं मनगटावरचा गोंडा डोळ्यांजवळ नेला, मणक्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे खायचं असतं का?" आणि तोंडात टाकला. माझा मणका. माझ्या आईच्या आईसाठी कुणीतरी नाईलच्या माशातून काढलेला, हाताळून हाताळून हस्तिदंतासारखा झालेला. कडाकड आवाज आला. दुकानातून आणलेला आवाज असेल, खरा चावला असेल नसेल, मला काय ठाऊक. त्यानं गाल हलवले, तोंड वेडंवाकडं केलं, आणि थुंकला. थू. मणका जमिनीवर, दोन तुकडे, कॅमेरा जवळ. आणि तेव्हाच माझ्या उजव्या बाजूनं हसू आलं, नाकातून फुटलेलं, आवरता न आलेलं. हे हसू मी हजारांत ओळखीन, कारण ते अब्देलबागीचं आहे. तसाबीह हसली होती. त्या सबंध थिएटरावर मी जितकी रागावले नव्हते तितकी त्या एका क्षणात माझ्या पोटच्या पोरीवर रागावले. मी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. वळले असते तर हात उठला असता.

बाहेर आल्यावर सिनेमाच्या जाहिरातीखाली माझे फोटो काढले. विहीणबाईंनी मला कवेत घेतलं, त्यांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी होतं. "तुम्ही तर नटी निघालात, तसाबीहच्या आई! आणि आम्हाला बोलला नाहीत! मला वाटलं काहीतरी गंभीर असेल, रडवणारं. काय हसवलंत हो!" मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते? की मी हसवलं नाही? की तो आवाज माझा नाही, ती वाक्यं माझी नाहीत, मला फसवलं? म्हणजे पुन्हा बिचारीच. त्यांच्या नजरेत मी दोनच गोष्टी होऊ शकत होते, बिचारी नाहीतर विदूषक, आणि विदूषकाला निदान कवेत घेत होते. मी हसले. सांगते ना, मी हसले. हातिम म्हणाला, "खाला, ते हाड खरं होतं का?" मी म्हटलं, "खरं होतं." "ई!" तो म्हणाला, आणि माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, त्यानं मान खाली घातली. औषधाच्या दुकानात काम करणारा मुलगा, साधा, फारसं बोलत नाही. तसाबीह जरा लांब उभी राहून मोबाइल बघत होती.

तिथून आम्ही शुब्राला त्यांच्या घरी जेवायला गेलो. ईदचा खारवलेला मासा, लिंबू, पातीचा कांदा, जिन्यातच वास आला. मासा आमच्याकडेही खारवतात, त्याचं मला काही नाही. टेबलाशी हातिमचे मामा होते, रिफातमामा, आदल्या दिवशीच सिनेमा पाहून आलेले. मी आत पाऊल टाकते न टाकते तोच त्यांनी डुलकी काढत हात पुढे केला, "हात पुढे कर रे बाबाऽऽ!" पोरं खिंकाळली. मी बसले. मासा सोलायला घेतला, म्हणजे बोटांना काहीतरी काम. "सुदानी लोक म्हणजे जगातले भले लोक," मामा म्हणाले. "मनात काही नाही. इतके भले, इतके भले की काय सांगू. फक्त जरा सावकाश." मी म्हटलं, "हो, आम्ही सावकाशच. इथं यायलासुद्धा युद्ध व्हावं लागलं." मामा जोरात हसले. त्यांना ती गंमत वाटली. आता मी काहीही बोलले तरी गंमतच होणार होती. मी किंचाळले असते तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

मग विहीणबाई माझ्या बशीत वाढता वाढता, अगदी सहज, म्हणाल्या, "बरं, ते लग्नातलं दुधाचं आता राहू द्या हं. हॉलवाले गालिच्यावर पाणीसुद्धा सांडू देत नाहीत. आणि खरं सांगू? सगळे सिनेमा बघून आलेले असणार. तुम्ही भांडं हातात घेतलंत की हसायला लागतील. तुम्हालाच वाईट वाटेल." मी म्हटलं, "ठरलं होतं आपलं." "ठरलं होतं, पण तेव्हा मला कुठं माहीत होतं ते असं असतं!" असं असतं. त्यांनी बघितलं होतं ना, भिंतीएवढं मोठं, माझ्याच हातांनी केलेलं. आता मी जन्मभर सांगितलं तरी ते असंच असणार. मी तसाबीहकडे पाहिलं. ती खाली मान घालून मासा खात होती, काटे एका बाजूला नीट लावत. बोल ना, म्हणाले मी मनात, तुझं लग्न आहे, तोंड आहे ना तुला, हसायला होतं ना मघाशी? तिनं आणखी एक काटा उचलून बाजूला ठेवला. "अहो, इथंच करून दाखवा की!" मामा म्हणाले. "घरच्या घरी! गालिचा माझ्या बहिणीचा, मी परवानगी देतो." पोरं ओरडायला लागली, दूध, दूध! कुणीतरी फ्रीज उघडला. काचेचा पेला भरून माझ्या हातात दिला, थंडगार, आणि हातिमला खुर्चीसकट माझ्यासमोर ओढलं. चार-पाच मोबाइल वर झाले. "तो आवाज काढा हं," विहीणबाई म्हणाल्या, प्रेमानं म्हणाल्या, "तो झोपाळू आवाज."

पेल्याला बाहेरून पाणी सुटलं होतं. मी मामांच्या चेहऱ्याकडे बघत होते, कुठे मारलं म्हणजे डोळ्यांत जाईल याचा अंदाज घेत होते. खरं सांगते, दुसरा विचार डोक्यात नव्हता. लग्न मोडेल, मोडू दे. पोरीला काय मिळणार, या दोन खोल्या आणि मी, मिळू दे. मुख्याध्यापिकेचा हात आहे हा, नेम चुकत नाही. हात उचललाही. आणि तसाबीहनं माझ्या बोटांमधून पेला काढून घेतला. तिचे हात माशाचे तेलकट होते. पोरं ओरडली, नवरी, नवरी! तिनं पेला तोंडाला लावला, सगळ्यांनी हातिमच्या तोंडाकडे मोबाइल वळवले, आणि ती प्यायली. घटाघट, शेवटच्या थेंबापर्यंत, मान मागे टाकून. पेला टेबलावर ठेवला, ओठावरची पांढरी मिशी मनगटानं पुसली. "छान आहे दूध, आँटी," म्हणाली. "पण जिरतिगला कोमट लागतं. चटई लागते, आईची गाणी लागतात. यातलं इथं काही नाही, म्हणून पिऊन टाकलं." मामा म्हणाले, "अगं, गंमत—" "मला कळलं, मामा. गंमत होती." मग ती हातिमकडे वळली. आवाज चढला नव्हता, पण मला ओळखीचा होता, रांगा सरळ करायचा आवाज. "लग्नात आई जिरतिग करेल. होय ना?" हातिमनं आईकडे पाहिलं, मग आपल्या बशीकडे. मला वाटलं, गेलं. मग तो बशीकडेच बघत म्हणाला, "ठरलं होतं ना, अम्मा." विहीणबाईंचा चेहरा उतरला. "अरे, मी यांच्याच भल्याचं बोलत होते," म्हणाल्या, आणि दुसरं काही न सुचून माझ्या बशीत आणखी एक मासा ठेवला. मी तो खाल्ला. कुणी हसत नव्हतं आणि ते मला पुरेसं वाटत नव्हतं.

निघालो तेव्हा लिफ्ट बंद होती. जिना उतरतानाही राग जागचा हलला नव्हता. पहिल्या वळणावर मी थांबले. "हसलीस ना तू? थिएटरात?" तिनं खोटं बोलावं असं मला वाटत होतं. "हसले," ती म्हणाली.

"माझ्या हातांना?"

"नाही गं यम्मा. तो मणका चावला तेव्हा. त्याचं तोंड असं झालं... हसू फुटलं. मग तो मणका आपला आहे हे आठवलं आणि नंतरचा सिनेमा मी पाहिलाच नाही. काय करू? आधी हसू आलं."

वडिलांची ती खुर्ची, ते आभाळ, 'तो आपल्यातला नाही गं' सगळं पुन्हा समोर आलं, आणि ही पोरगी निदान तसं म्हणाली नाही, एवढंच मी तिच्या बाजूनं धरलं. ती दोन पायऱ्या खाली उतरली, वळली आणि मूठ पुढे केली. मुठीत कागदी रुमालाचा चुरगळा होता, तेलानं पारदर्शक झालेला. आत जेवताना काटे लावता लावता काढून ठेवलेला मणका. पिवळट, मऊ, खारवलेल्या माशाचा वास मारणारा.

"चालेल का?" तिनं विचारलं.

मी उजेडाकडे धरून पाहिला. मधलं भोक आरपार होतं. "लहान आहे," मी म्हटलं. "उकळावा लागेल. उन्हात ठेवावा लागेल. वास जायला किती दिवस लागतील कुणास ठाऊक. आणि एक आणून काय होणार? दोघांना लागतो. त्याच्या मनगटाला काय बांधू, माझं डोकं?"

"दुसरा त्याच्याकडे आहे," तसाबीह म्हणाली. "मी सांगितलं नव्हतं. माझं बघून त्यानंही एक काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला."

"ईदच्या नव्या शर्टाच्या?"

"हो."

"डाग जायचा नाही म्हणावं," मी म्हटलं, आणि मणका रुमालात गुंडाळून पोलक्यात ठेवला.